'को-ऑर्डिनेशन' दिसले की 'समन्वय'च लिहायचे का?

प्रश्न : एका सामाजिक संस्थेत मी इंग्रजी मजकूर मराठीत आणण्याचे काम करते. आरोग्य, शाळा, पाणीपुरवठा, हिशेब असे सगळ्या प्रकारचे कागद माझ्याकडे येतात. 'को-ऑर्डिनेशन' दिसले की बहुतेक वेळा 'समन्वय' आणि कधी 'ताळमेळ' लिहीत आले. अलीकडे तीन कागद परत आले. डॉक्टरांनी 'रुग्णाचा समन्वय बिघडला आहे' या वाक्याखाली लाल रेघ मारली. लेखापालांनी 'दोन विभागांतील ताळमेळ' याचा अर्थ भलताच घेतला. विहिरींच्या नोंदणीच्या फॉर्मवर 'को-ऑर्डिनेट्स'साठी 'निर्देशांक' लिहिले, तेही चूक ठरले. या शब्दाचा मूळ अर्थ काय? 'समन्वय' हा त्याचा खरा प्रतिशब्द आहे का? कुठे काय लिहावे? शिवाय आमच्याकडे समन्वयक, संयोजक, संघटक अशी पदे आहेत, त्यांतला फरकही सांगा. – एक अनुवादक, नाशिक जिल्हा

उत्तर :

ताई,

तिन्ही आक्षेप बरोबर आहेत आणि तिन्हींचे कारण एकच आहे. इंग्रजीत हा एक शब्द पाच-सहा क्षेत्रांत वेगवेगळ्या अर्थांनी राबतो. मराठीत त्यातल्या बहुतेक क्षेत्रांनी आपापला शब्द आधीच रुळवून घेतला आहे. त्यामुळे शब्दकोशात पहिला दिसणारा प्रतिशब्द सगळीकडे चालवला की गाडी अडते. तुम्ही मुळापासून विचारलेत ते चांगले केलेत. या शब्दाचे मूळ कळले की निम्मे निर्णय आपोआप होतात.

लॅटिनमध्ये 'ओर्डो' म्हणजे रांग, ओळ, क्रम आणि त्यावरून दर्जा. मागावर ओळीने लावलेल्या धाग्यांवरून हा शब्द आला असे व्युत्पत्तिकार मानतात. विणायला सुरुवात करणे या अर्थाचे 'ओर्दिरी' हे क्रियापद त्याच घराण्यातले. ऑर्डर, ऑर्डिनरी, ऑर्डिनन्स हे सगळे याच मुळाचे, आणि कोर्टकचेरीतला आपला 'अर्दली'सुद्धा 'ऑर्डर्ली'च्या वाटेने तिथूनच आलेला. 'को' म्हणजे बरोबरीने. तेव्हा को-ऑर्डिनेशन म्हणजे अनेक गोष्टी एकाच रांगेत, एकाच दर्जाच्या समजून मांडणे.

यातला 'एकाच दर्जाच्या' हा भाग फार मोलाचा आहे आणि अनुवादात नेमका तोच गळतो. इंग्रजीत 'सबऑर्डिनेट', म्हणजे खालच्या रांगेतला, हा शब्द पंधराव्या शतकापासून आहे. 'को-ऑर्डिनेट' हे विशेषण त्यानंतर, सतराव्या शतकात आले आणि त्याचा अर्थ 'त्याच रांगेतला' असा होता. ही जोडी लक्षात ठेवा. आज कचेरीत आपण ज्या अर्थाने हा शब्द ऐकतो, म्हणजे अनेकांची कामे एकमेकांशी जुळवून घेणे, तो अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून रुळला. जुना अर्थ मेला नाही. व्याकरण, गणित आणि कायदा यांत तो अजून जिवंत आहे.

आता 'समन्वय'. सम् + अनु + 'इ' हा धातू, म्हणजे जाणे. अन्वय म्हणजे मागोमाग जाणे, त्यावरून संबंध, परंपरा, आणि संस्कृतात वंशसुद्धा. शाळेत श्लोकाचा अन्वय लावतो तो हाच: पद्यात विखुरलेली पदे अर्थाच्या क्रमाने मागोमाग आणायची. तुमच्या टेबलावरच्या कागदांत रोज दिसणारे 'कलम अमुक अन्वये' हेसुद्धा तेच, म्हणजे त्या कलमाला अनुसरून. समन्वय म्हणजे सगळ्यांनी मिळून एका अर्थाच्या मागे जाणे. ब्रह्मसूत्रांच्या चार अध्यायांपैकी पहिल्याचे नाव समन्वयाध्याय आणि दुसऱ्याचे अविरोधाध्याय. पहिल्यात उपनिषदांतली निरनिराळी वचने एकाच तात्पर्याकडे जातात हे दाखवले आहे, दुसऱ्यात आक्षेपांचा आणि विरोधाचा परिहार आहे. म्हणजे 'भांडण नसणे' आणि 'समन्वय असणे' या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत हे आपल्या परंपरेला पक्के ठाऊक होते. विनोबांनी १९५४ साली बोधगयेत आश्रम काढला त्याचे नाव समन्वय आश्रम. तिथेही अर्थ हाच: वेदान्त आणि बौद्ध विचार यांना एका दिशेने पाहणे.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे: समन्वय हा चांगला, रुळलेला प्रतिशब्द आहे, पण दोन्ही शब्दांचा साचा वेगळा आहे. को-ऑर्डिनेशनमध्ये मांडणारा कोणीतरी असतो, कारण तिथले मूळ क्रियापद 'मांडणे, लावणे' असे सकर्मक आहे. समन्वयातले मूळ क्रियापद 'जाणे'. त्यात कर्ता बाहेर उभा नाही. मराठीत म्हणूनच समन्वय 'साधावा' लागतो, 'राखावा' लागतो, आणि हे साधणार कोण ते वेगळे सांगावे लागते. ते सांगितले नाही तर वाक्य नीट दिसते पण काम कोणाच्याच अंगावर पडत नाही.

याचा सगळ्यात मोठा बळी म्हणजे परिपत्रकातले हे वाक्य: 'सर्व संबंधित विभागांनी परस्पर समन्वय साधून आवश्यक ती कार्यवाही करावी.' इंग्रजी मसुद्यात 'टू को-ऑर्डिनेट' असते आणि त्याच्या आधी बहुधा एका विभागाचे नाव असते. मराठीत आणताना ते नाव 'सर्व संबंधित' या शब्दांत विरघळते. मग डांबर पडल्यावर आठ दिवसांनी पाण्याच्या लाइनसाठी रस्ता खणला जातो. दोन्ही विभागांकडे तेच परिपत्रक असते आणि दोघांनीही ते पाळलेले असते.

असे वाक्य तुमच्या हाती आले की मूळ मसुद्यात चार गोष्टी शोधा: कोणी कोणाला कळवायचे, काय कळवायचे, किती तारखेपर्यंत, आणि मतभेद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा. मसुद्यात या गोष्टी असतील तर वाक्य असे होते: 'पाणीपुरवठा विभागाने खोदकामाचा आराखडा दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत बांधकाम विभागाकडे द्यावा. बांधकाम विभागाने तो पाहिल्याशिवाय डांबरीकरण सुरू करू नये. वाद झाल्यास मुख्याधिकारी निर्णय देतील.' यात समन्वय हा शब्द एकदाही नाही आणि तरी समन्वय आहे. मसुद्यात या गोष्टी नसतील तर मात्र तुम्ही मनाने घालू नका. बाजूला पेन्सिलने प्रश्न लिहून मसुदा पाठवणाऱ्याला विचारा. पोकळ मसुदा सगळ्यात आधी अनुवादकाच्या लक्षात येतो, कारण पोकळ वाक्याचा अनुवाद करायला बसले की हात थांबतो. त्या थांबण्याला मान द्या.

आणि त्या वाक्यातला 'परस्पर' काढून टाका. समन्वय एकट्याने होत नाही, म्हणून 'परस्पर समन्वय' ही द्विरुक्ती आहे. शिवाय मराठीत 'परस्पर' म्हणजे 'न सांगता, बाहेरच्या बाहेर' असाही अर्थ आहे. 'परस्पर कार्यवाही केली' ही तक्रार असते.

दर्जाचा मुद्दा इथेच लागू होतो. वरिष्ठ कनिष्ठाकडून काम करून घेतो तेव्हा ते को-ऑर्डिनेशन नव्हे. इंग्रजी मसुद्यात सभ्यपणासाठी तो शब्द वापरला असेल, पण मराठीत तिथे 'देखरेख', 'सूचना' किंवा 'पाठपुरावा' यांपैकी जे खरे असेल ते लिहावे. 'तालुका पातळीवरील अहवालांचे को-ऑर्डिनेशन' म्हणजे दहापैकी नऊ वेळा अहवाल मागवणे, न आलेल्यांना फोन करणे आणि आलेले एकत्र करणे. त्याला मराठीत 'अहवालांचा पाठपुरावा व संकलन' म्हणतात. सहकार्याशीही गल्लत होते. सहकार्य म्हणजे मदतीची तयारी. वरच्या रस्त्याच्या उदाहरणात दोन्ही विभाग एकमेकांना हवी ती मदत करायला तयार असू शकतात. कमी पडतो तो कामाच्या क्रमाचा मेळ. 'सहकार्याअभावी' लिहिले तर कोणाच्या तरी वृत्तीवर ठपका येतो आणि पत्राला उत्तर भांडणाचे येते. 'समन्वयाअभावी' लिहिले तर व्यवस्थेवर बोट जाते. चौकशी अहवालात हा फरक फार महाग पडू शकतो.

आता डॉक्टरांची लाल रेघ. शरीराच्या बाबतीत शालेय विज्ञानात 'नियंत्रण व समन्वय' असे शब्द आहेत आणि पाठ्यपुस्तकात ते योग्यच आहेत. पण 'रुग्णाचा समन्वय बिघडला' हे वाचून घरच्या माणसाला काय कळणार? इथे को-ऑर्डिनेशन म्हणजे स्नायूंनी योग्य क्रमाने, योग्य वेळी आणि योग्य जोराने काम करणे. हे सांभाळण्यात लहान मेंदूचा, म्हणजे अनुमस्तिष्काचा, मोठा वाटा असतो. डॉक्टर रुग्णाला आधी स्वतःच्या नाकाला आणि मग डॉक्टरांच्या बोटाला हात लावायला सांगतात ती याचीच तपासणी. लहान मेंदूला इजा असेल तर बोट लक्ष्याजवळ जाता जाता जास्त थरथरते, पुढे निघून जाते किंवा अलीकडेच थांबते. यात हाताची ताकद शाबूत असू शकते. म्हणून सोपे करण्याच्या नादात 'हात कमजोर झाला' असे लिहू नका; ती वेगळी तक्रार आहे आणि तिच्यावरून वेगळा आजार समजला जाऊ शकतो.

डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत 'उजव्या हाताचे को-ऑर्डिनेशन कमी, चाल अस्थिर, वाहन चालवणे टाळावे' एवढे तीन तुकडे असतात असे धरा. मराठीत ते असे उतरावे: 'उजव्या हाताची हालचाल नेमकी होत नाही, वस्तू धरायला गेल्यास हात चुकतो. चालताना तोल जातो. वाहन चालवू नये.' यातले हात चुकण्याचे वर्णन डॉक्टरांना दाखवूनच ठेवा, कारण प्रत्येक रुग्णात ते तसेच असेल असे नाही. औषधाच्या पत्रकात 'को-ऑर्डिनेशनवर परिणाम होऊ शकतो' असे असेल तर 'हातापायांच्या हालचालींवरचा ताबा कमी होऊ शकतो' हे सरळ आणि पुरेसे आहे. त्याच्या पुढचा वाहन आणि यंत्रे चालवण्याबद्दलचा इशारा त्याच परिच्छेदात राहू द्या. तो पानाच्या तळाशी गेला की कोणी वाचत नाही.

अंगणवाडीच्या साहित्यात मात्र 'डोळा-हात मेळ' किंवा 'हात आणि डोळे यांचा मेळ' हे शब्द उत्तम बसतात. मणी ओवणे, रेघेवरून कागद कापणे, चेंडू झेलणे ही त्याची कामे सेविकेला दाखवून द्यावी लागत नाहीत. 'मेळ' हा शब्द या सगळ्या घरातला सर्वात उपयोगी शब्द आहे आणि आपण तो फार कमी वापरतो. गाण्यात, पावलांत, हालचालींत, रंगांत मेळच असतो. कपड्यांच्या रंगांसाठी तर 'रंगसंगती' असा सुंदर शब्द आधीपासून आहे.

लेखापालांचा गोंधळ कसा झाला तेही पाहा. बोलताना आपण 'दोघांत ताळमेळ नाही' असे सहज म्हणतो आणि त्याचा अर्थ को-ऑर्डिनेशन नाही असाच असतो. पण हिशेबाच्या कागदावर 'ताळमेळ' हा पक्का पारिभाषिक शब्द आहे: दोन ठिकाणच्या नोंदी समोरासमोर ठेवून फरक शोधणे. कार्यालयाने दाखवलेला खर्च आणि कोषागार किंवा महालेखापाल कार्यालयाकडे नोंदलेला खर्च यांचा ताळमेळ घ्यावा लागतो. काही ठिकाणी त्यालाच 'खर्चमेळ' म्हणतात. बँकेच्या पासबुकाशी रोकडवही जुळवतो त्याला वाणिज्याच्या पाठ्यपुस्तकांत 'बँक जुळवणी पत्रक' म्हणतात. तेव्हा 'दोन विभागांतील ताळमेळ ठेवावा' हे वाचून लेखापालांनी आकडे जुळवायला घेतले असतील तर त्यांचे काहीच चुकले नाही. नियम सोपा ठेवा: ज्या कागदात रुपये आहेत तिथे ताळमेळ फक्त आकड्यांचा, आणि माणसांचा समन्वय.

फॉर्मवरचे 'निर्देशांक' ही हिंदीतून आलेली चूक आहे आणि ती आता जागोजाग दिसते. हिंदीत को-ऑर्डिनेटला निर्देशांक म्हणतात. मराठीत निर्देशांक म्हणजे इंडेक्स: शेअर बाजाराचा निर्देशांक, किमतींचा निर्देशांक, मानव विकास निर्देशांक. गणितातल्या को-ऑर्डिनेटला मराठीत 'निर्देशक' म्हणतात. नववीच्या पुस्तकात 'निर्देशक भूमिती' हे प्रकरणच आहे. क्ष-निर्देशकाला भुज आणि य-निर्देशकाला कोटी अशीही नावे आहेत. गणितात हा शब्द फ्रेंच गणिती देकार्तच्या १६३७ सालच्या 'भूमिती' या ग्रंथानंतर, जर्मन गणिती लायब्निझच्या लिखाणातून सतराव्या शतकाच्या अखेरीस रुळला. इथेही अर्थ जुनाच आहे: बरोबरीच्या दोन संख्या एका रांगेत मांडायच्या आणि त्यांतून बिंदूची जागा ठरवायची. पण तुमच्या विहिरींच्या फॉर्मला यातले काहीच नको. तिथे 'अक्षांश' आणि 'रेखांश' अशा दोन वेगळ्या चौकटी करा आणि शेजारी नमुन्यादाखल एक नोंद छापा. एकच चौकट दिली तर लोक कधी रेखांश आधी लिहितात, आणि अंश-मिनिटे-सेकंद व दशांश या दोन्ही पद्धती एकाच रकान्यात मिसळतात. महाराष्ट्रापुरते पडताळायला सोपे आहे: अक्षांश साधारण १५ ते २२ च्या आत आणि रेखांश साधारण ७२ ते ८१ च्या आत असतो. आकडे उलटे पडले असतील तर नुसत्या नजरेने कळते.

शाळांच्या साहित्यात व्याकरणाचा भाग आला तर 'समन्वय' पूर्णपणे बाजूला ठेवा. तिथे को-ऑर्डिनेशन आणि सबऑर्डिनेशन ही मूळची जोडी जशीच्या तशी उभी आहे आणि मराठी व्याकरणाने तिला नेमकी नावे दिली आहेत. बरोबरीची वाक्ये जोडणारे ते प्रधानत्वसूचक उभयान्वयी अव्यय, आणि एक वाक्य दुसऱ्यावर अवलंबून ठेवणारे ते गौणत्वसूचक. पहिल्याने संयुक्त वाक्य होते, दुसऱ्याने मिश्र. मुलांची आणि स्पर्धा परीक्षेवाल्यांची चूक 'की' आणि 'म्हणून' या दोन शब्दांवर होते, कारण ते दोन्ही गटांत बसतात. 'चहा घेणार की कॉफी?' इथे 'की' विकल्पबोधक आणि प्रधानत्वसूचक; 'तो म्हणाला की मी येतो' इथे तोच स्वरूपबोधक आणि गौणत्वसूचक. शब्द पाठ करण्याऐवजी जोडलेला भाग बरोबरीचा आहे की दुसऱ्यावर अवलंबून आहे ते पाहायला शिकवावे.

रसायनशास्त्राचा मजकूर तुमच्याकडे क्वचितच येईल, म्हणून थोडक्यात. आल्फ्रेड व्हेर्नर यांनी १८९३ मध्ये मांडलेल्या सिद्धांतातून हा शब्द तिथे रुजला; त्यांना १९१३ चे नोबेल मिळाले. मध्यभागी धातूचा अणू आणि त्याभोवती ठरावीक जागांवर जोडलेले इतर घटक, अशी ती रचना. हिमोग्लोबिनमधल्या लोहाला सहा जागा असतात आणि ऑक्सिजन त्यातल्या एकीवर येऊन बसतो. बारावीची विज्ञान शाखा बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून शिकवली जात असल्यामुळे इथे 'को-ऑर्डिनेशन संयुग' असे देवनागरीत ठेवून पहिल्यांदा एका ओळीचा खुलासा देणेच वाचकाच्या सोयीचे. फक्त 'को-ऑर्डिनेशन नंबर'ला 'क्रमांक' लिहू नका. ते जोडलेल्या जागांचे मोजमाप आहे, म्हणून 'संख्या'.

कायद्याच्या मजकुरात मात्र हात जपून टाका. तिथे हा शब्द नुसती जुळवाजुळव नसून अधिकार देणारा असू शकतो. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत, संघसूचीतल्या ६६ व्या नोंदीत उच्च शिक्षण संस्थांच्या दर्जाचे 'को-ऑर्डिनेशन' आणि निश्चिती केंद्राकडे दिली आहे. गुजरात विद्यापीठाला गुजराती हेच शिक्षणाचे एकमेव माध्यम लादता येते का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा १९६२ च्या निकालात बहुमताने असे ठरले की हा अधिकार केवळ मूल्यमापनाचा नाही. एकत्रित कृतीसाठी सुसंगती आणण्याचा अधिकारही त्यात येतो. १९९५ मध्ये तमिळनाडूतल्या एका अभियांत्रिकी संस्थेच्या प्रकरणातही न्यायालयाने तोच अर्थ पुढे नेला. म्हणजे अशा ठिकाणी 'समन्वय' लिहिताना पुढे सैलपणे 'सल्लामसलत' किंवा 'संपर्क' असे पर्याय आलटून-पालटून वापरले तर अर्थच बदलतो. एकदा 'समन्वय' लिहिले की त्या कागदात शेवटपर्यंत तेच. याच्या उलट, अनुच्छेद २६३ मध्ये राज्याराज्यांतील को-ऑर्डिनेशन येते, त्यासाठीच १९९० मध्ये आंतरराज्य परिषद स्थापन झाली. तिथे राज्ये बरोबरीच्या नात्याने बसून चौकशी, चर्चा आणि शिफारस करतात. शब्द एकच, पण पहिल्या ठिकाणी त्याला दात आहेत. विधि विभागाचा अधिकृत मराठी पाठ मिळत असेल तर त्यातला शब्द जसाच्या तसा घ्यावा. कायद्यात स्वतःचा शब्द घडवू नये.

'को-ऑर्डिनेटेड' हे विशेषण आले तर 'समन्वित'. 'समन्वयित' हे रूप नको. 'इंटिग्रेटेड'साठी 'एकात्मिक' आधीच ठरलेले आहे: १९७५ पासूनची एकात्मिक बालविकास सेवा योजना तुमच्या कागदांत रोज असेल. समन्वितमध्ये कामे वेगळी राहून जुळतात, एकात्मिकमध्ये ती एकाच छत्राखाली येतात. दोन परस्परभिन्न गोष्टी मुद्दाम जोडायच्या असतील, जसे शिक्षण आणि रोजगार, तर 'सांगड घालणे' यासारखा शब्द नाही. वेळापत्रकांची 'जुळवणी' होते. कार्यक्रमातल्या अनेक भागांना एका धाग्यात ठेवण्याला 'सुसूत्रता' म्हणतात. पण 'सुसूत्रीकरण' लिहिण्याआधी थांबा, कारण सरकारी कागदात ते पदे किंवा योजना कमी करून नीट लावण्यासाठी वापरले जाते आणि कर्मचारी ते वाचून घाबरतात.

वापराच्या बारीक गोष्टीही सांगतो. 'समन्वय करणे' बोलण्यात चालते, लेखी मजकुरात साधणे, राखणे, ठेवणे. दोघांचा उल्लेख असेल तर 'यांच्यात समन्वय', एकाच्या बाजूने लिहायचे तर 'जिल्हा परिषदेशी समन्वय साधून'. 'सुसमन्वय' आणि 'योग्य समन्वय' यांतली विशेषणे काही सांगत नाहीत, ती गाळा. टंकलेखनात 'समनव्य' आणि 'सन्मवय' या दोन चुका नेहमी होतात. क्रम असा ठेवा: स, म, अर्धा न, व, य. कागद छापायला देण्याआधी या दोन चुकीच्या रूपांचा शोध एकदा घ्याच, कारण मथळ्यात ही चूक राहिली तर नजर तिच्यावरून सरळ घसरते. देवनागरीत इंग्रजी शब्दच लिहायचा झाला तर 'को-ऑर्डिनेशन' असे मधल्या रेघेसह. बोलण्यातला 'कॉर्डिनेशन' लेखनात आणू नये.

आता पदे. समन्वयक म्हणजे बरोबरीच्या अनेक घटकांची कामे जुळवून घेणारा. त्याच्या हाताखाली ते घटक असतीलच असे नाही. संयोजक एखाद्या कार्यक्रमाची किंवा बैठकीची सगळी जमवाजमव करतो आणि कार्यक्रम संपला की त्याचे काम बहुधा संपते. निमंत्रक समितीची बैठक बोलावतो, विषयपत्रिका काढतो. संघटक लोकांना जोडतो, गट उभे करतो. आशा सेविकांच्या कामात 'फॅसिलिटेटर'साठी 'गटप्रवर्तक' हे पदनाम ठरलेले आहे. तिथे 'समन्वयक' लिहिले तर मानधनाच्या कागदावर अडचण येते. समन्वयक हा शब्द स्त्री-पुरुष दोघांनाही चालतो. पदनाम ठरलेले असेल तर अर्थ पटो न पटो, नेमणूकपत्रात आहे तेच लिहावे. नवे पद तयार होत असेल तर तुमच्या व्यवस्थापनाला एकच गोष्ट विचारा: या माणसाला कोणाचे काम थांबवण्याचा अधिकार आहे का? असेल तर तो प्रमुख किंवा नियंत्रक. नसेल तर समन्वयक, आणि मग कामाच्या वर्णनात कोणाकडून कोणती माहिती कोणत्या वारी मिळेल हे लिहून द्यावे लागते, नाहीतर बिचारा दिवसभर फोन करत बसतो.

कोश पाहताना क्रम उलटा ठेवा. आधी त्या विषयाचा परिभाषाकोश, मग शासन व्यवहार कोश आणि सर्वात शेवटी सर्वसाधारण इंग्रजी-मराठी कोश. भाषा संचालनालयाचे गणित, रसायन, वाणिज्य, न्यायव्यवहार असे वेगवेगळे कोश ऑनलाइन शोधता येतात, आणि एकच इंग्रजी शब्द टाकून विषयागणिक बदलणारे प्रतिशब्द समोरासमोर पाहता येतात. जे ठरेल ते एका वहीत विषयवार नोंदवा: इंग्रजी शब्द, कोणत्या विभागाचा कागद, वापरलेला मराठी शब्द आणि तो कोणी मान्य केला. डॉक्टर आणि लेखापाल यांची नावे त्या शेवटच्या रकान्यात आली की पुढचा कागद त्यांच्याकडून परत यायचे प्रमाण कमी होईल.